आधी कान की आधी डोळे? चिनी शिकण्यातला एक जुना वाद

परदेशी विद्यार्थ्याला चिनी कशी शिकवावी, यावर शिकवणाऱ्यांमध्ये फार दिवसांपासून दोन तट आहेत. एकाचे म्हणणे, आधी बोलायला शिकवा आणि अक्षरे मागाहून द्या. दुसऱ्याचे म्हणणे, अक्षरे पहिल्या दिवसापासूनच हवीत. मराठी शिकवताना हा वाद उद्भवत नाही. परदेशी माणूस महिनाभरात बाराखडी उरकतो आणि मग दुकानावरची पाटी अर्थ कळला नाही तरी मोठ्याने वाचू शकतो. चिनीत पाटीवरचे अक्षर आधी भेटलेले नसेल, तर वाचणाऱ्याचे तोंड बंदच राहते. ऐकलेला शब्द लिहायचा, तर नुसता आवाज नीट कळून भागत नाही. कानाची शिकवणी आणि डोळ्यांची शिकवणी अशा दोन वेगळ्या शिकवण्या चालतात, आणि कोणती आधी लावायची यावर भांडण होते. सोयीसाठी पहिल्या तटाला श्रुतिवादी आणि दुसऱ्याला लिपिवादी म्हणता येईल.

येथे चिनी म्हणजे 'फूथोंगह्वा', बीजिंगच्या उच्चारांवर बेतलेली प्रमाणभाषा. १९५६ पासून चीनमध्ये सरकारी पाठबळाने तिचा प्रसार झाला. ग्वांगचौ, शांघाय, फूच्येन येथील बोली एकमेकींना कळत नाहीत इतक्या निराळ्या आहेत, पण तो विषय वेगळा.

श्रुतिवादी सुरुवात करतो सुरांपासून. फूथोंगह्वात चार सूर आहेत, शिवाय एक हलका, सूर नसल्यासारखा उच्चार. पहिला सूर उंच आणि सपाट, गवयाने वरचा षड्ज लावून धरावा तसा. दुसरा खालून वर चढतो, नीट ऐकू आले नाही की मराठी माणूस "अं?" म्हणतो, तसा. तिसरा खाली जातो, तिथेच रेंगाळतो आणि सावकाश म्हटला तर शेवटी थोडा उठतो. चौथा वरून धाडकन खाली येतो, चिडलेल्या माणसाच्या "बास!"सारखा. भाषाशास्त्रज्ञ चाओ युआन-रन यांनी १९३० मध्ये सुरांची उंची एक ते पाच आकड्यांत मांडण्याची रीत काढली. तिच्यात हे चार सूर ५५, ३५, २१४ आणि ५१ असे लिहितात.

"'माइ' तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणं, चौथ्या सुरात म्हटलं तर विकणं," श्रुतिवादी सांगतो. "बाजारात उभ्या असलेल्या माणसाला याहून महत्त्वाचा फरक कोणता? आणि तुम्ही त्याला पहिल्या आठवड्यात फटकारे गिरवायला बसवता!"

लिपिवाद्याला यात एवढे घाबरण्यासारखे काही दिसत नाही. "अहो, सूर मराठी माणसाच्याही गळ्यात आहेतच की. 'काय' हा एक शब्द तो पाच तऱ्हांनी म्हणतो."

"म्हणतो, पण शब्द तोच राहतो," श्रुतिवादी म्हणतो. "बदलतो तो राग, लोभ, आश्चर्य. आपल्याकडे सूर भावनेच्या कामाला लावलेला आहे. तिकडे तो शब्दाचं हाड आहे."

अडचण नेमकी येथेच आहे. चौथ्या सुरातला शब्द प्रश्नाच्या शेवटी आला की मराठी जीभ सवयीने तो वर उचलते आणि विकणाऱ्याचे भलतेच काहीतरी होते. एकेकटा सूर बहुतेकांना पंधरा दिवसांत जमतो. दोन सूर शेजारी आले की तो बिघडतो. तिसऱ्या सुराचे दोन शब्द लागून आले तर पहिल्याचा आपोआप दुसरा सूर होतो. रोजच्या 'नी हाओ'मध्येच हे घडते. 'नाही' या अर्थाचा 'पू' मुळात चौथ्या सुराचा, पण पुढे चौथ्याच सुराचा शब्द आला की तो दुसऱ्यावर जातो. हे नियम पाठ करून फळ येत नाही. आपल्याकडे संधी जशी आधी तोंडात बसते आणि नियम मागून कळतो, तसेच ते बसावे लागतात.

सुरांच्या जोडीला व्यंजने आहेत. तेथे श्रुतिवाद्याची तक्रार चिनीबद्दल नसून रोमन लिपीबद्दल आहे, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने या वादातला सर्वांत कामाचा भाग हाच. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची 'फिनयिन' पद्धत ११ फेब्रुवारी १९५८ रोजी चीनच्या राष्ट्रीय लोकसभेने मंजूर केली. ती घडवणाऱ्या मंडळींतले प्रमुख चौ योउ-क्वांग २०१७ मध्ये वयाच्या १११ व्या वर्षी वारले. पद्धत नेटकी आहे, पण तिच्यात 'बी' हे अक्षर 'ब' साठी नाही. चिनीत ब, द, ग हे घोष उच्चार स्वतंत्र नाहीतच. आहे ती जोडी अल्पप्राण-महाप्राणाची. 'बी' म्हणजे पाण्यातला प, 'पी' म्हणजे फळातला फ. 'डी' आणि 'टी' म्हणजे त आणि थ, 'जी' आणि 'के' म्हणजे क आणि ख. या हिशेबाने बीजिंगचा खरा उच्चार 'पेइ-चिंग'च्या जवळ जातो. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत 'माओ त्से तुंग' छापत. आजच्या 'झेडाँग'पेक्षा ते कितीतरी बरे होते.

इंग्रजी भाषकाला अल्पप्राण आणि महाप्राण यांतला फरक कानाने वेगळा काढायला शिकवावा लागतो. मराठी मुलाला तो पहिलीत मिळतो. पण इंग्रजी वळणाने फिनयिन वाचायची सवय लागली की हेच मूल 'पेइ-चिंग'चे 'बेइ-जिंग' करते आणि हातातले भांडवल घालवून बसते. हिंदी भाषकाकडे नसलेली आणखी एक गोष्ट मराठीत आहे, ती म्हणजे दोन च. चोरातला च आणि चिंचेतला च. फिनयिनमध्ये 'झेड' लिहितात तो चोरातला, 'जे' लिहितात तो चिंचेतला. राहतो तिसरा, जीभ मागे वळवून म्हणायचा, तेवढा नव्याने शिकावा लागतो. 'सी' हे अक्षर म्हणजे चोरातल्याच चला जोराचा श्वास जोडलेला. नवशिका त्याला 'क' समजतो आणि जेवणातल्या पदार्थाला 'काइ' म्हणून मोकळा होतो.

तैवानच्या शाळांत रोमन अक्षरांऐवजी १९१८ मध्ये जाहीर झालेली चिन्हमाला आजही शिकवतात. तिचा क्रम असा: प, फ, म आणि दंतोष्ठ्य फ, त, थ, न, ल, क, ख, ह, पुढे च-छ-श यांच्या जातीचे वर्ण. हा क्रम ओळखीचा वाटतो तो उगीच नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचे वर्णशास्त्र चीनमध्ये गेले आणि उच्चारस्थानांप्रमाणे ध्वनी मांडण्याची रीत तेथील पंडितांनी त्यातून उचलली.

"मग देवनागरीतच सगळं लिहून द्या की," लिपिवादी टोमणा मारतो.

श्रुतिवाद्याला येथे अर्धी माघार घ्यावी लागते. देवनागरीत सुरांची खूण नाही. ओठ 'ऊ'चे आणि जीभ 'ई'ची करून काढायच्या चिनी स्वराला तिच्यात अक्षर नाही. शहरी मराठीत फळातला फ झपाट्याने फॅनमधला होत चालला आहे, त्यामुळे तोही आधार पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही. आणि मूर्धन्य ष आपण लिहितो, पण बोलताना श वरच भागवतो. चिनीत श आणि ष एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चार आणि दहा या आकड्यांत स आणि ष यांची गल्लत दक्षिण चीनमधले लोकही करतात, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. देवनागरी हवी ती पहिल्या महिन्यात, तोंडाला वळण लावण्यापुरती.

आता लिपिवाद्याची पाळी. त्याचा मुख्य मुद्दा सारख्या आवाजाच्या शब्दांचा आहे. सूर बाजूला ठेवले तर फूथोंगह्वात सुमारे ४०० शब्दावयव उरतात. सूर धरून १२०० ते १३००. एवढ्या मोजक्या आवाजांवर सगळी भाषा चालते, तेव्हा एका आवाजामागे अनेक अर्थ गर्दी करणारच. याच चाओ युआन-रन यांनी दगडी गुहेतल्या सिंहखाऊ कवीची एक गंमतीची गोष्ट रचली. तिच्यातली नव्वदहून अधिक अक्षरे सगळीच्या सगळी 'षी' या एकाच आवाजाची, सूर तेवढे वेगळे. डोळ्यांना गोष्ट कळते, कानाला फक्त शिट्टी ऐकू येते.

"ती अभिजात चिनीत लिहिलेली कसरत आहे," श्रुतिवादी ठणकावतो. "घरात, बाजारात असं कोण बोलतं? आजच्या भाषेत शब्द बहुतेक दोन अक्षरांचे असतात, आणि जोडी जमली की घोटाळा मिटतो. शतकानुशतकं कोट्यवधी निरक्षर चिनी माणसं बोलत होतीच ना?"

"त्यांना आई होती," लिपिवादी म्हणतो. "तिशीतल्या परदेशी माणसाला पुस्तक असतं, नाहीतर काहीच नसतं."

हे उत्तर वाटते त्याहून वजनदार आहे. जोडशब्द कळायला त्यांचे घटक दिसावे लागतात. 'त्येन' म्हणजे वीज. विजेचे बोलणे म्हणजे दूरध्वनी, विजेचा मेंदू म्हणजे संगणक, विजेची सावली म्हणजे चित्रपट. अक्षर ओळखणाऱ्याला हे तीन शब्द एका झटक्यात मिळतात. नुसत्या आवाजावर चालणाऱ्याला ते तीनदा पाठ करावे लागतात, कारण 'त्येन' असाच ऐकू येणारा शब्द दुकानासाठीही आहे.

अक्षरांच्या संख्येची भीती मात्र वाढवून सांगितली जाते. १७१६ च्या खांग-शी कोशात ४७ हजारांहून अधिक अक्षरे आहेत, हे खरे. त्यांतली बहुतेक कोशातच राहतात. चीनने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या प्रमाण यादीत ८१०५ अक्षरे असून पहिल्या श्रेणीत ३५०० आहेत. परदेशी विद्यार्थ्यांसाठी २०२१ मध्ये आखलेल्या नऊ पातळ्यांच्या मानकात अगदी वरच्या टोकापर्यंत ३००० अक्षरे आणि ११,०९२ शब्द धरले आहेत.

शिवाय ही अक्षरे सुटी चित्रे नव्हेत. बहुसंख्य अक्षरांत एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा आवाजाची. 'छिंग' या मूळ अक्षराचा अर्थ हिरवट-निळा. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की निर्मळ, तेही 'छिंग'. सूर्य काढला की निरभ्र. हृदय काढले की भावना. वाणीची खूण काढली की 'कृपया'. आवाज सगळ्यांचा 'छिंग', सूर वेगवेगळे. डोळा काढला की नेत्र, आणि येथे आवाज थोडा सरकून 'चिंग' होतो. असे कुटुंब एकदा नजरेत बसले की नवे अक्षर अनोळखी राहत नाही, त्याची भावकी माहीत असते.

श्रुतिवाद्याला लिपिवाद्याची ही कुटुंबे फारच गुणी वाटतात. तो दुसरे काढतो. एकाच ध्वनिखुणेची तीन अक्षरे: 'तो' या अर्थाचे 'था', जमीन या अर्थाचे 'ती' आणि तळे या अर्थाचे, जीभ वळवून म्हणायचे तिसरे. दोन-अडीच हजार वर्षांत उच्चार बदलत गेले, खुणा तिथेच राहिल्या. भरीला एकाच अक्षराचे दोन उच्चार. 'शिंग' म्हणजे चालणे, तेच अक्षर बँकेच्या नावात 'हांग' होते. आणि लेखी मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, त्यामुळे एक शब्द कुठे संपला हे ठरवण्यापासून वाचकाची तयारी लागते.

व्याकरणावर दोघांचे फारसे भांडण नाही. लिंग नाही, वचनाची रूपे नाहीत, क्रियापद चालवावे लागत नाही, हे सगळेच सांगतात. क्वचितच सांगितले जाते ते हे, की काही ठिकाणी मराठी माणूस घरूनच तयारी करून आलेला असतो. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. उत्तरेकडच्या चिनीत ऐकणाऱ्याला धरून म्हणायचे 'आपण' वेगळे आहे, 'चा-मन', त्यात च चोरातला. 'काल आलेला माणूस' ही रचना शब्दाला शब्द ठेवून चिनीत जाते, इंग्रजी भाषकाला मात्र सगळे वाक्य उलटे करावे लागते. बघणे आणि दिसणे, ऐकणे आणि ऐकू येणे या जोड्या मराठीत आहेत; चिनीत तेच काम मूळ क्रियापदाला परिणामाचा शब्द जोडून होते. 'खान' म्हणजे बघणे, 'खान-च्येन' म्हणजे दिसणे. बघितले पण दिसले नाही, हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

अडते ते 'ल' या छोट्या प्रत्ययापाशी. त्याला भूतकाळ समजले की गाडी रुळावरून घसरते. क्रिया पुरी झाली हे तो सांगतो, तसेच परिस्थिती बदलली हेही सांगतो. पाऊस सुरू होताना चिनी माणूस जे म्हणतो त्याचे नेमके भाषांतर 'पाऊस पडला' असे होत नाही, 'आला बघा पाऊस' असे होते. मोजतानाही प्रत्येक जातीच्या वस्तूला वेगळा शब्द लागतो. नदी, रस्ता, मासा आणि विजार हे चारही लांबट, म्हणून चौघांना 'थ्याओ'. आकड्यांची नावे सरळ आहेत, अकरा म्हणजे दहा-एक. आपल्या एकोणसाठ-एकोणसत्तरच्या मानाने सुखच. पण दहा हजारांच्या वर गेले की 'वान' सुरू होतो. लाख म्हणजे दहा वान, कोटी म्हणजे हजार वान. लाख-कोटीत विचार करणारा व्यापारी दहा वर्षांनंतरही येथे क्षणभर थबकतो.

किती वेळ लागतो? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था चिनीसाठी ८८ आठवडे, म्हणजे सुमारे २२०० तासिका धरते, आणि हिंदीसाठी याच्या अर्ध्या. लिपिवादी हा आकडा भिंतीवर लावतो. तो इंग्रजी भाषकांसाठी काढलेला आहे, हे लक्षात ठेवलेले बरे. उच्चारांचा एक मोठा भाग मराठी माणसाला आयता मिळतो, सूर आणि अक्षरे मात्र कोणालाच आयती मिळत नाहीत.

दोन्ही वाटांनी मराठी माणसे चिनीपर्यंत पोचलेली आहेत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणारे पु. वि. बापट यांचा 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' या बौद्ध ग्रंथांचा तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. 'विमुत्तिमग्गा'चे पाली मूळ हरवलेले, ग्रंथ उरलेला सहाव्या शतकातल्या चिनी अनुवादात. असे काम डोळ्यांनी करायचे असते. भाजी घ्यायला उपयोगी पडेल अशी चिनी त्याला लागत नाही. जपान, कोरिया आणि व्हिएतनाममधले विद्वान शतकानुशतके चिनी ग्रंथ आपापल्या उच्चारांनी वाचत आले आणि चिनी पंडित भेटला तर कागदावर लिहून संवाद करत.

दुसरी वाट सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. जखमी सैनिकाला कुठे दुखते हे विचारायला कोश उघडून चालत नाही. तेथे राहूनच ते चिनी बोलायला शिकले, मग वाचायला-लिहायला, आणि चिनीतूनच वैद्यकाचे विद्यार्थी शिकवू लागले.

लिपिवादी बापटांचे नाव घेतो, श्रुतिवादी कोटणिसांचे. दोघेही एक गोष्ट विसरतात. बापटांपुढे ग्रंथ होता आणि कोटणिसांपुढे रुग्ण. आधी काय शिकायचे हे त्यांना कोणा पद्धतीला विचारावे लागले नाही. आज वर्गात येणाऱ्याला बहुधा दोन्ही हवे असते, आणि भांडणाचा बराच भाग हाताने लिहिण्यावरून आहे, वाचण्यावरून नाही. चिनी माणसेही आता मोबाइलवर फिनयिन टंकून पुढे आलेल्या अक्षरांतून हवे ते निवडतात. लेखणी उचलली आणि अक्षर विसरले, असा चार अक्षरी वाक्प्रचारच त्यांच्या तोंडी आहे. २०२१ च्या मानकाने ही गाठ अधिकृतपणे सोडवली. वाचायची अक्षरे ३०००, हाताने लिहिता यावीत अशी १२००.

मराठी विद्यार्थ्यापुरते सांगायचे तर पहिले दोन-तीन महिने कानाचे. प-फ, त-थ आणि दोन च यांच्या आधाराने व्यंजने उरकावीत, आणि सगळी मेहनत सुरांच्या जोड्यांवर घालावी. पण त्याच काळात दोन-अडीचशे अक्षरे कुटुंबांनी ओळखू यावीत. गिरवायची ती त्यांतली थोडीच, फटकाऱ्यांचा क्रम हातात बसण्यापुरती. अक्षरे वर्षभर लांबणीवर टाकणारा विद्यार्थी पुढे बहुधा ती शिकतच नाही, तोवर रोमनमध्ये त्याचे निभायला लागलेले असते.

घेणे आणि विकणे या शब्दांकडे लिपिवाद्याच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. कानाला जेमतेम वेगळे वाटणारे हे दोन 'माइ' डोळ्यांना चटकन वेगळे दिसतात. आजच्या सोप्या केलेल्या लिपीत घेण्याच्या अक्षराच्या डोक्यावर दहाच्या आकड्याची अधिकसारखी खूण ठेवली की विकणे होते. दोन्ही अक्षरे शेजारी लिहिली की 'माइ-माइ', म्हणजे धंदा. आणि धंदा या अर्थाने बोलताना विकण्याचा तो धाडकन पडणारा चौथा सूर गळून जातो.